वरच्या खोलीतला बास

खोली दाखवताना काकांनी मला तीन अटी सांगितल्या. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेची खिडकी बंद ठेवायची. कोपऱ्यात जे उभं आहे त्याला धक्का लावायचा नाही. आणि त्याच्या पोटात लोंबणारी साबणाची डबी रोज ओली करायची.

कोपऱ्यात जे उभं होतं त्याच्यावर जुनी सोलापुरी चादर पांघरलेली होती. माझ्याहून उंच, खाली रुंद, वर निमुळतं. मी वैजापूरहून नुकतीच आलेली, एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलेली, आणि छावणीपलीकडच्या त्या वस्तीत दिवसभरात सातवी खोली बघत होते. चादरीखाली काय आहे ते विचारायचं धाडस होईना. काकूच म्हणाल्या, "घाबरू नको पोरी. वाजवायचं हाये ते. पण वाजवत कुणी नाय."

काकांनी चादर बाजूला केली. एखादं व्हायोलिन वाढत वाढत छताला टेकायला निघालं असावं तसं ते वाद्य होतं. तपकिरी, ठिकठिकाणी पॉलिश उडालेलं, चार तारा, त्यातली सगळ्यात जाड माझ्या करंगळीएवढी.

"बास," काका म्हणाले.

मला वाटलं, बघणं पुरे झालं असं म्हणतायत. मी दोन पावलं मागं सरकले.

"याचं नाव सांगतोय. डबल बास."

"नाव बास," काकू म्हणाल्या, "आन् कटकट कधी बास होत नाय."

मी त्या खोलीत चार वर्षं राहिले.

काका पाटबंधारे खात्यातून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झालेले. धरणाचे, कालव्याचे, चाऱ्यांचे नकाशे काढण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. अंगानं काटक, उंच. अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली, एक कडक आणि एक मऊ. पेन कधीच नाही. "पेनानं लिहिलं की माणसाला वाटतं, झालं आता," असं म्हणायचे. नवीन माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडं बघायच्या आधी त्याच्यामागच्या भिंतीकडं बघायचे, ती ओळंब्यात आहे का म्हणून.

बासच्या पोटातली ती डबी म्हणजे साध्या प्लॅस्टिकची साबणाची डबी. तापलेल्या खिळ्यानं तिला भोकं पाडलेली, आत स्पंजचा तुकडा, आणि वाद्याच्या दर्शनी भागावरच्या वळणदार फटीतून दोरीनं आत सोडलेली. इकडची हवा कोरडी. लाकूड आकसतं, तडकतं. म्हणून त्याला आतून ओलावा द्यायचा. आमच्या वस्तीत नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं. त्या दिवशी काकू पहाटेपासून हंडे, पिंप, बादल्या मांडून बसायच्या, आणि मी संध्याकाळी डबी भिजवायला तांब्या घेऊन खाली उतरले की म्हणायच्या, "माणसाला आठवड्याला, आन् ह्या पेटाऱ्याला रोज." पण तांब्या भरून द्यायच्या.

पहिलं वर्षभर मी वाट बघत होते की हे कधीतरी वाजेल. काका पंधरा दिवसांतून एकदा वर यायचे. दार वाजवून, "येऊ का बेटा?" विचारून. मग बासच्या कडेकडेनं बोटाच्या पेरानं ठोकत जायचे, कान लावून. डॉक्टर छाती ठोकून बघतात तसं. सगळी कड फिरून झाली की "ठीक" म्हणायचे आणि निघून जायचे. तारेला बोटसुद्धा लावायचे नाहीत.

हे वाद्य त्यांच्याकडं कसं आलं ते मला काकूंकडून कळलं. काका नोकरीला नवीन असताना छावणीतल्या चर्चच्या दुरुस्तीचा नकाशा काढून द्यायला गेले होते. मापं घेताना मागच्या खोलीतून एक आवाज आला. टेप तसाच जमिनीवर टाकून ते आवाजाच्या मागं गेले. तिथं फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले एक म्हातारे मास्तर हे वाजवत बसले होते. काकांनी दुसऱ्या दिवशी जाऊन शिकवा म्हटलं. सहा वर्षं शिकले. पुढं मास्तर मुलीकडं गोव्याला कायमचे गेले, तेव्हा रेल्वेत नेणं जमेना म्हणून बास काकांच्या स्वाधीन करून गेले. "सामान म्हणून ठेवून गेले," काकू म्हणाल्या, "परत न्यायला कोणी आलं नाय. मी रोज दाराकडं बघायचे."

"मग काका वाजवत का नाहीत?"

"पाठ दुखते म्हणतात. पाठ. सायकलवर दौलताबादला जाऊन येणारा माणूस हा."

ते खरंच होतं. पाठ दुखणाऱ्या माणसाची एकही खूण काकांच्यात नव्हती. दिवसभर त्यांचं काही ना काही चालू असायचं. छंदाविषयी त्यांचा एक नियम होता. कोणतीही गोष्ट धरली तर एक वर्ष करायची. कंटाळा आला तरी करायची. वर्ष संपलं की सोडायची का ठेवायची ते ठरवायचं. "पहिल्या महिन्यात सगळंच गोड लागतं," म्हणायचे.

त्यातला पावसाचा छंद टिकला होता. गच्चीवर बाटली आणि फनेल लावून त्यांनी पर्जन्यमापक केलं होतं, आणि पावसाळ्यात रोज सकाळी फाटकाला लावलेल्या काळ्या पाटीवर खडूनं आदल्या दिवशीचा पाऊस लिहायचे. दूध आणायला जाणारे लोक थांबून वाचायचे. पडेगावकडून येणारे एक गृहस्थ रोज हुज्जत घालायचे की आमच्याकडं याच्यापेक्षा जास्त पडला. काकांनी शेवटी त्यांना एक बाटली आणि फनेल देऊन टाकलं.

जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते बघायला काका एसटीनं पैठणला जायचे आणि परत येऊन त्यांची चित्रं काढायचे. पण चित्र काढायचा हात आरेखकाचा. त्यांनी काढलेला रोहित पक्षी मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसू आवरेना. वरून दिसणारा पक्षी, समोरून दिसणारा पक्षी, बाजूनं दिसणारा पक्षी, आणि पायाशेजारी बाण काढून लांबी.

"उंची कशी मोजली काका?"

"त्याच्या शेजारी पाण्यात एक खांब व्हता. खांबाची उंची मला ठाऊक. मीच काढलाय तो."

बासष्टाव्या वर्षी ते उर्दू शिकले. शहरात जुन्या पाट्या उर्दूत, आणि जन्मभर त्यांच्याखालून जाऊन आपल्याला वाचता येत नाहीत याची त्यांना लाज वाटायची. स्कूटरवर मागं काकू आणि पुढं हे मोठमोठ्यानं पाट्या वाचत चाललेत, असं सगळ्यांनी बघितलेलं. एकदा मी गुलमंडीवर त्यांच्याबरोबर होते. एका कापडाच्या दुकानासमोर ते थांबले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले, आणि आत जाऊन म्हाताऱ्या मालकांना म्हणाले, "सेठ, आपके बोर्ड पे एक नुक्ता कम है." सेठ चष्मा लावून बाहेर आले. त्यांना उर्दू येत नव्हती. म्हणाले, "दादाजी के टाइम का बोर्ड है. आज पहली बार किसी ने पढ़ा." मग त्यांनी स्टूल आणि रंगाची डबी मागवली, काकांनी स्टुलावर चढून तो ठिपका दिला, आणि आम्हाला चहा मिळाला. खाली उतरल्यावर काका दहा पावलं मागं जाऊन बघून आले, ठिपका बरोबर जागी पडला का म्हणून.

एवढं सगळं करणारा माणूस वरच्या खोलीत येऊन नुसता "ठीक" म्हणून जायचा. मी विचारायचं सोडून दिलं होतं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला मी पाच दिवस वैजापूरला गेले. निघताना पहाटेची हवा चांगली होती म्हणून पश्चिमेची खिडकी उघडली आणि तशीच विसरले. परत आले तर दार उघडताच भट्टीसारखी झळ आली. स्पंज हातात घेतला तर पापडासारखा कडक. मी धावत जाऊन तांब्या भरून आणला, डबी भिजवून आत सोडली, खिडकी लावली. झालं असेल ठीक, असं मनाला सांगून जेवायला बसले. ताटावर असतानाच मोठा आवाज झाला. काच फुटली असं वाटलं. मागं वळून बघितलं तर काच शाबूत होती. बासच्या मागच्या पाटीची कड वीतभर उकलली होती. पोस्टकार्ड आत सरकेल एवढी फट.

मी उष्टा हात धुतला. मग खाली गेले. काका रोहित पक्ष्याचा गुडघा काढत होते. मी जे झालं ते सगळं सांगितलं. खिडकी, डबी, पाच दिवस. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि जिना चढून वर आले. फटीवरून बोट फिरवलं, बॅटरी लावून आत बघितलं, वास घेतला.

"लाकूड नाय फाटलं," म्हणाले. "सांधा सुटलाय. जुने कारागीर हे सरसानं चिकटवतात ते याच्यासाठीच. ताण आला की आधी सरस सुटतो आन् लाकूड वाचतं."

मला रडू फुटलं.

"आता रडतेस कामून? तू पाच दिवस विसरलीस. मी अकरा वर्षं."

मग दुरुस्ती सुरू झाली. गुलमंडीमागच्या गल्लीतून सरस आणला. तो पाण्यात भिजवून मंद आचेवर शिजवायचा असतो आणि त्याला असा वास येतो की काकूंनी पातेलं, शेगडी आणि काका, तिघांनाही गच्चीवर घालवलं. तसबिरींच्या फ्रेमा करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून लाकडाचे शिकंजे आणले. तारा सैल केल्या, तारांखालची घोडी काढली, तशी आत कुठंतरी 'टक्' असा आवाज झाला.

"गेला," काका म्हणाले. "आतला खांब पडला."

पुढच्या आणि मागच्या पाटीच्या मध्ये एक बोटभर जाडीचा लाकडी खांब नुसता दाबून उभा केलेला असतो. चिकटवलेला नसतो. तो पुन्हा उभा करायचा तर त्या वळणदार फटीतून वाकवलेली तार आत घालून, आरशात बघत. त्याला दीड दिवस लागला. बास जमिनीवर आडवा, काका पालथे, एक डोळा फटीला लावलेला, मी आरसा धरलेला, काकूंनी बॅटरी. दुसऱ्या दिवशी काकू भाकरी टाकायला खाली गेल्या, आणि बॅटरी माझ्याच दुसऱ्या हातात आली. तेव्हा काकांनी मला ते सांगितलं. माझ्याकडं न बघता, फटीत तोंड घालून.

त्यांची एक गायन पार्टी होती. जयंतीला, विहारांच्या कार्यक्रमांना, गावोगावी भीमगीतं म्हणायला जायची. पेटी, ढोलकी, टाळ, कोरस, आणि मागं काकांचा बास. असं वाद्य दुसऱ्या कोणत्याच पार्टीत नव्हतं. मुख्य गायक त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. एसटीत कंडक्टर होता, त्याचा आवाज मागच्या सीटपर्यंत जायचा. सगळे त्याला शाहीर म्हणायचे. एकदा वैजापूर तालुक्यातल्या एका गावाला निघताना जीपमध्ये जागा पुरेना. शाहीर वैतागून म्हणाले, "हा पेटारा उतरवला तर तीन माणसं बसतील. आन् खरं सांगू का, हा असला काय, नसला काय, लोकांना कळत नाय."

"मी हसलो," काका म्हणाले. "सगळेच हसले. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. तिसऱ्या गाण्याला मी बोटं तारेवरून उचलली. हात नुसता हलवत राहिलो. म्हटलं बघू."

"मग?"

"गाणं संपलं. टाळ्या झाल्या. मग चौथं गाणं. कुणी मागं वळून बघितलं नाय. शाहिरानंबी नाय. शेवटपर्यंत तसाच उभा व्हतो. घरी आलो, चादर टाकली. पुढच्या टायमाला जीप आली तेव्हा पाठ दुखते म्हणून सांगितलं." आतून तार खरखरली. "आरसा थोडा डावीकडं घे बेटा."

शाहीर आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहायचे. रस्त्यात भेटले की दोघं एकमेकांना जयभीम घालायचे, तब्येत विचारायचे. अकरा वर्षं तेवढंच.

खांब उभा राहिला. सरस सुकला. घोडी बसली, तारा चढल्या. काका म्हणाले, सांधा धरला का नाय हे तपासायला वाजवून बघावं लागंल. फक्त तपासायला. त्यांनी गजाला राळ लावली आणि सगळ्यात जाड तारेवरून गज ओढला.

तो आवाज कानात शिरत नाही. आधी पोटात येतो. खिडकीची तावदानं थरथरली, आणि खालून काकू ओरडल्या, "मांडणीतल्या ताटल्या वाजायल्या." काका दोन-तीन मिनिटं वाजवत राहिले. तार दाबून धरायला गेले आणि चटकन बोट मागं घेतलं. सरकारी कागदावर पेन्सिल फिरवणारी ती बोटं आता मऊ पडली होती. त्यांनी बास कोपऱ्यात उभा केला, "सांधा ठीक हाये," म्हणाले, आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दार वाजलं.

"तुला तकलीफ नसंल तर दहा मिनिटं वाजवू का?"

मी चहाचा कप घेऊन गच्चीवर जाऊन बसले. दहा मिनिटं म्हणजे दहाच. काकूंचं कुकरजवळचं घड्याळ ते वर घेऊन यायचे. पहिला महिनाभर ते फक्त मोकळ्या तारांवर गज ओढत होते. एक तार, एक सूर, इकडून तिकडं, तिकडून इकडं. माझ्या मनात यायचं, या माणसाला गाणी येतात, मग हे काय चाललंय. विचारल्यावर म्हणाले, "मास्तरांनी पहिला महिनाभर हेच करून घेतलं व्हतं. आता मास्तर नायत, म्हणून महिन्याचे पंधरा दिवस करू का?" मग बोटं ठेवायला सुरुवात केली. फोड आले, फुटले, पुन्हा आले. काकू हळद-तेल लावायच्या. आठवडाभर त्यांना भाकरी मोडता येईना, तर काकू कुस्करून द्यायच्या आणि म्हणायच्या, "ह्या वयात घास भरवून घ्यायची हौस."

मी त्यांच्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप घालून दिलं. ते लावून पहिल्यांदा वाजवलं तेव्हा काका थबकले. परत वाजवलं. परत थबकले.

"मी बेसूर हाये," म्हणाले. पण दुःख झाल्यासारखं नाही, भिंतीचा ओळंबा चुकलाय हे सापडल्यावर म्हणायचे तसं. "आन् बेटा, मला वाटतंय मी तेव्हाबी बेसूरच असणार. गर्दीत निभावून गेलं." दुसऱ्या दिवसापासून दहाची वीस मिनिटं झाली.

एव्हाना गल्लीला सवय झाली होती. दूधवाला म्हणायचा, साहेबांचं मशीन सुरू झालं का. पावसाची पाटी वाचायला थांबणारे दोन मिनिटं जास्त थांबायला लागले. त्यातच एके दिवशी, श्रावणात, शाहीर थांबले. मी गच्चीवरून बघितलं. ते बराच वेळ खाली उभे होते. मग फाटक उघडून काकूंना काही न विचारता सरळ जिना चढून वर आले. थोराड अंगाचे, पांढरी मिशी, धाप लागलेली.

"पाठ बरी झाली व्हय?" त्यांनी विचारलं.

काकांनी गज खाली केला. "पाठ कधीच दुखत नव्हती."

मी चहा सांगायला उठले तर काका म्हणाले, "बस बेटा." म्हणून मी बसले. त्यांनी शाहिरांना सगळं सांगितलं. जीप, ते बोलणं, उचललेली बोटं. आवाज न चढवता, तारीखवार कागद वाचावा तसं. शाहीर खाटेच्या कडेला बसून ऐकत होते.

"मी असं बोललो व्हतो?"

"व्हय."

"मला नाय आठवत." त्यांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. "आन् तू वाजवणं बंद केलं ते मला कळलंबी नव्हतं. खोटं कशाला बोलू."

मला वाटलं, आता संपलं. हा माणूस उठून जाईल आणि काका पुन्हा चादर टाकतील. पण काकांनी मान हलवली. "नायच कळणार. तू गात व्हतास, तुझं ध्यान गाण्यात." मग म्हणाले, "मला कळलं व्हतं. गाणं खालून पोकळ झालं. मला साफ ऐकू येत व्हतं. आन् मी ते ऐकायचं सोडून लोकांची तोंडं बघत बसलो. तुझी एक चूक, माझी अकरा वर्षं."

"मला तोंडावर सांगायचं असतं. दोन शिव्या द्यायच्या."

"सुचलं नाय."

शाहिरांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग कुणी काही म्हटलं नसताना त्यांनी गळा खाकरला आणि त्यांच्या पार्टीचं एक जुनं गाणं सुरू केलं. काकांनी घाईघाईनं बास सावरला. दोन ओळी झाल्या असतील, शाहिरांनी हात वर केला.

"थांब. तू खाली चाललास."

"मी बरोबर हाये. तू वर चाललास."

"चाळीस वर्षं याच पट्टीत गातोय मी."

"म्हणूनच."

मी तानपुऱ्याचं ॲप लावलं. चूक दोघांचीही निघाली. ते दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत भांडत होते, आणि काकूंनी न विचारता शाहिरांचं ताट वाढलं.

पुढं डिसेंबरात विहारात संध्याकाळचा छोटा कार्यक्रम होता. पार्टीतले निम्मे लोक आता नव्हते, काही मुलांकडं पुण्याला गेलेले. ढोलकीवाला नवीन होता. तीन गल्ल्यांचं अंतर, तरी बास न्यायला छोटा टेम्पो करावा लागला. मागं काका बासला मिठी मारून उभे होते. त्यांना उभं राहून दोन तास वाजवणं आता झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः एक उंच स्टूल केलं होतं, अर्थात आधी त्याचा नकाशा काढून. आठ गाणी झाली. मी आणि काकू बायकांमध्ये बसलो होतो. मला काकांची बोटं दिसत होती, आणि ती एकदाही तारेवरून उठली नाहीत. सातव्या गाण्यात एका ठिकाणी ते नक्की चुकले, कारण शाहिरांनी गाता गाता मान वळवून त्यांच्याकडं रागानं बघितलं. काका एवढे खूश मी कधी बघितले नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर लोक चपला शोधत होते. शेजारच्या गल्लीतल्या एक बाई काकूंना म्हणाल्या, "यंदा माइक लई चांगला व्हता बाई. आवाज कसा भरून येत व्हता."

काकूंनी हे घरी येऊन सांगितलं. मला वाटलं काकांना वाईट वाटेल. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढं कितीतरी दिवस कुणी घरी आलं की ते हा किस्सा ऐकवायचे आणि शेवटी म्हणायचे, "तेव्हापासून मी पार्टीतला माइक."

दोन वर्षांपूर्वी माझी पैठणला बदली झाली. मी खोली सोडली तेव्हा काकांनी नवीन भाडेकरू ठेवला नाही. खोली बासची झाली. मला त्यांचा फोन येतो, बहुधा पावसाविषयी नाहीतर रोहित पक्ष्यांविषयी. पक्षी आले का ते आता मीच बघून सांगायचं असतं. परवा मात्र सकाळीच फोन आला. म्हणाले, मास्तरांनी त्यांच्या काळी शिकवायला घेतलेला आणि अर्धवट राहिलेला एक तुकडा होता, फक्त बासवर एकट्यानं वाजवायचा. त्याचा कागद ट्रंकेत सापडला. सहा महिने बसवत होते. "आज पुरा झाला. ऐक."

त्यांनी फोन कशावर तरी ठेवला. मी कान लावून ऐकलं. गजाची खरखर येत होती. मध्येच कुकरची शिट्टी झाली. खरखर पाच-सहा मिनिटं चालली.

"आलं का ऐकू?"

काहीतरी छान म्हणावं असं मनात आलं होतं. पण त्यांच्याशी तसं बोलता येत नाही. "काका, नुसती खरखर येतेय. आणि काकूंचा कुकर."

ते हसले. "बरोबर हाये. फोन एवढ्या खालच्या सुरापर्यंत उतरत नाय. मापच नाय त्याचं. यावं लागंल."

म्हणून रविवारी सकाळच्या एसटीनं मी गेले. काकांनी मला दारापाशी खुर्ची दिली आणि चपला काढायला लावल्या. पाय फरशीवर टेकव म्हणाले. स्टुलावर बसून त्यांनी बास खांद्याशी घेतला, डोळे मिटले, आणि वाजवायला लागले. आवाज माझ्या तळपायांतून वर आला. संथ चाल होती. मला त्यातलं काही समजत नाही, तरी एवढं कळत होतं की कुणीतरी एक लांब गोष्ट सांगतंय आणि त्याला अजिबात घाई नाही.

मध्यावर काकू जिना चढून वर आल्या, हात पदराला पुसत. आम्हाला जेवायला बोलवायला आल्या होत्या. पण त्या माझ्या खुर्चीशेजारी उंबऱ्यावर खाली बसल्या. एक हात त्यांनी फरशीवर सपाट टेकवला आणि तुकडा संपेपर्यंत तो तसाच ठेवला.